शब्दाला जागलेला किन्थुप

स्मरणिकेसाठी लेख मागवले तेव्हा आपल्या ग्रुपवर विषयांची वाटणी भराभर झाली. सहल एकाने घेतली, स्नेहसंमेलन दुसरीने, शाळेसमोरचा बोरकूटवाला तिसऱ्याने. मला कामातून उसंत मिळेपर्यंत आठवणींतले गोड भाग संपले होते. म्हणून मी एका मार्काचा एक प्रश्न घेऊन बसले आहे.

रिकाम्या जागा भरा : ब्रह्मपुत्रा नदीला तिबेटमध्ये ........ म्हणतात.

उत्तर आपल्या सगळ्यांना अजून येते. त्सांगपो. भूगोलाच्या बाई फळ्यावर नकाशा टांगायच्या आणि लाकडी पट्टीने ती नदी दाखवायच्या. कैलास-मानसरोवराच्या बाजूला उगम, हिमालयाच्या पाठीमागून सरळ पूर्वेकडे प्रवास, मग एकदम मागे वळून दक्षिणेला. अरुणाचलात ती दिहांग किंवा सियांग, आणि आसामात ब्रह्मपुत्रा. पट्टी त्या वळणाशी आली असताना एकदा मागच्या बाकावरून कोणीतरी विचारले, की तिबेटातली नदी आणि आसामातली नदी एकच आहे हे ठरवले कोणी? बाई म्हणाल्या की दार्जिलिंगच्या एका शिंप्याने त्यासाठी चार वर्षे घालवली, त्याचे नाव किन्थुप. त्याने पाचशे ओंडके नदीत सोडले होते, एवढे त्यांनी सांगितले आणि घंटा झाली. पुढचा तास बहुधा पी.टी.चा होता. गोष्ट तिथेच राहिली.

ती पूर्ण व्हायला माझ्या आयुष्यातली तीसेक वर्षे गेली. मध्यंतरी हिमालयातल्या मोजणीवरची पुस्तके वाचायचा नाद लागला आणि त्यात किन्थुप पुन्हा भेटला. वाटले, बाईंचा तो अर्धा तास आता आपण पूर्ण करावा.

एकोणिसाव्या शतकात या एका मार्काच्या प्रश्नाचे उत्तर कोणालाच खात्रीने देता येत नव्हते. तिबेटात पूर्वेकडे वाहत जाणारी एक मोठी नदी आहे हे माहीत होते. आसामच्या मैदानात उत्तरेच्या डोंगरांतून एक मोठी नदी बाहेर पडते हेही माहीत होते. मधली जागा नकाशावर कोरी होती. जेम्स रेनेलने अठराव्या शतकातच या दोन्ही नद्या एक असल्याचा अंदाज बांधला होता. पण त्सांगपो ब्रह्मदेशातल्या इरावतीला मिळते असे मानणारे भूगोलतज्ज्ञही होते. शिवाय उंचीचे कोडे होते. तिबेटात त्सेतांगजवळ ही नदी साडेतीन हजार मीटर उंचीवरून संथ वाहते. आसामात सदियापाशी जमीन समुद्रसपाटीपासून दीडशे मीटरही वर नाही. एवढी उंची ही नदी उतरते तरी कुठे? त्या कोऱ्या जागेत जगातला सर्वांत मोठा धबधबा लपला असेल, अशी कल्पना त्यामुळे रुजली.

ती जागाच तशी होती. एका बाजूला 7,782 मीटरचे नामचा बारवा, दुसऱ्या बाजूला 7,294 मीटरचे ग्याला पेरी, आणि या दोन शिखरांच्या मधल्या फटीतून नदी आत शिरते. खाली घळीत पाणी, वर बर्फ, आणि दोन्हींच्या मध्ये घनदाट जंगल. या भागाला पेमाको म्हणतात. तिबेटी बौद्धांच्या श्रद्धेप्रमाणे ही एक गुप्त पवित्र भूमी. पाऊस अखंड, बांबू आणि ऱ्होडोडेंड्रॉनची गच्च झाडी, जळवा, निसरडे कडे. अनेक ठिकाणी नदीच्या काठाने चालताच येत नाही. खालच्या अंगाला आदी लोकांचा मुलूख. त्यांना इंग्रज त्या काळी अबोर म्हणत, आणि त्यांच्या हद्दीत परक्याला वाट मिळत नसे.

वरून यायचे तर तिबेटची सरहद्द युरोपियनांना बंद होती. यावर कॅप्टन मॉन्टगोमेरी या सर्वेक्षण अधिकाऱ्याने तोड काढली. सरहद्दीवरचे, तिबेटी बोलीभाषा जाणणारे भारतीय लोक निवडायचे, त्यांना डेहराडूनला शिकवायचे आणि व्यापारी किंवा यात्रेकरू म्हणून आत पाठवायचे. त्यांना पंडित म्हणत. प्रत्येक पाऊल सारख्या लांबीचे टाकायचे, साधारण दोन हजार पावलांचा एक मैल. माळेत 108 ऐवजी 100 मणी, शंभर पावले झाली की एक मणी सरकवायचा. प्रार्थनाचक्रात मंत्राच्या जागी नोंदींचे कागद. पाणी किती तापमानाला उकळते ते पाहून उंची काढायची. कुमाऊँचा नैनसिंग रावत असाच ल्हासाला पोहोचला. 1877 साली लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने त्याला सुवर्णपदक दिले.

किन्थुपची गोष्ट याच पंडितांच्या मालिकेतली, पण तो पंडित नव्हता. तो मूळचा सिक्कीमचा, दार्जिलिंगला राहणारा, व्यवसायाने शिंपी. त्याला लिहिता-वाचता येत नव्हते. त्यामुळे कोन मोजणे, नोंदवही ठेवणे ही कामे त्याच्याकडे येणे शक्यच नव्हते. सर्वेक्षण खात्याने त्याला घेतले ते दुसऱ्याचा मदतनीस म्हणून. खात्याच्या कागदांत पंडितांची खरी नावे लपवून अक्षरे वापरत. किन्थुपच्या वाट्याला आली ती के.पी. ही दोन अक्षरे.

1878 साली कॅप्टन हेन्री हार्मनने नेमसिंग नावाच्या माणसाला त्सांगपोच्या वाटेने पाठवले. बरोबर किन्थुप होता. दोघे नदीच्या कडेने ग्याला या ठिकाणापर्यंत पोहोचले. तिथून पुढे नदी डोंगरांच्या फटीत शिरताना दिसत होती, पण वाट संपली होती. ते परत आले. नकाशावरची रेघ पूर्वेकडे बरीच पुढे सरकली, तरी मुख्य प्रश्न तसाच राहिला.

हार्मन हा चिकाटीचा माणूस. आसामात येणाऱ्या नद्यांचे पाणी त्याने मोजले होते आणि त्यात दिहांग सर्वांत मोठी भरली होती. त्सांगपो ती हीच, असे त्याचे मत बनले. पण मत आणि पुरावा यांत फरक असतो. माणूस घळीतून जाऊ शकत नसेल तर पाण्याबरोबर दुसरे काहीतरी जाऊ द्यावे, असा विचार त्याने केला. तिबेटात शक्य तितके खाली जाऊन खुणा केलेले पाचशे ओंडके नदीत सोडायचे, रोज पन्नास याप्रमाणे दहा दिवस. तारखा आधी कळवायच्या. इकडे आसामात दिहांग जिथे डोंगरातून बाहेर पडते तिथे माणसे पाळतीवर बसवायची. एक जरी ओंडका वाहत आला, तरी वाद संपला.

1880 साली या कामावर हार्मनने एका लामाला नेमले. लामाला लिहिता-वाचता येत होते, तिबेटात त्याला कोणी अडवणार नव्हते. त्याचा नोकर म्हणून किन्थुप. ओंडक्यांना बसवायच्या खुणेच्या धातूच्या नळ्या त्यांच्याबरोबर दिल्या.

हा लामा कामाचा निघाला नाही. वाटेत एका गावी त्याचे मन यजमानाच्या बायकोवर जडले आणि मुक्काम चार महिने लांबला. प्रकरण उघडकीस आले तेव्हा भरपाई म्हणून पंचवीस रुपये मोजावे लागले. ते किन्थुपने दिले. पुढे ते नदीकाठाने ग्याला आणि त्याच्याही खाली पेमाकोचुंग या मठापर्यंत गेले. तिथून वाट नव्हती, म्हणून डोंगराला वळसा घालून तोंगक्युक या ठिकाणी आले. तिथे किल्ल्यासारखी सरकारी कचेरी होती. तिच्या अधिकाऱ्याला द्झोंगपोन म्हणत. मे 1881 मध्ये लामा किन्थुपला तिथेच थांबायला सांगून काही कामासाठी म्हणून घोड्यावरून निघून गेला. किन्थुप वाट पाहत राहिला. दिवस गेले, महिने गेले. शेवटी त्याला कळले की लामा परत येणार नाही. ज्या घोड्यावरून तो गेला, तो घोडा किन्थुपच्या बदल्यात मिळाला होता. लामाने त्याला द्झोंगपोनला विकले होते.

किन्थुप आता गुलाम होता. जवळपास दहा महिने त्याने त्या कचेरीत राबण्यात काढले आणि मार्च 1882 मध्ये संधी साधून तो पळाला.

इथे मी नेहमी थांबते. पळालेल्या माणसाने कुठे जावे? घर पश्चिमेला होते. ज्याच्या हाताखाली म्हणून पाठवले तो मालक दगा देऊन गेला होता. काम त्या मालकावर सोपवलेले होते, नोकरावर नव्हे. किन्थुप सरळ दार्जिलिंगला परतला असता तर कोणी त्याला बोल लावला नसता. पण तो घराकडे वळला नाही. तो नदीकडे गेला आणि पेमाकोच्या जंगलात आणखी खाली उतरत राहिला.

मारपुंग नावाच्या मठापाशी द्झोंगपोनच्या माणसांनी त्याला गाठले. किन्थुपने मठाच्या मुख्य लामाच्या पायांवर लोळण घेतली. लामाला त्याची दया आली. त्याने द्झोंगपोनला पन्नास रुपये देऊन किन्थुपला विकत घेतले. मालक बदलला, गुलामी राहिली. हा मालक मात्र माणुसकीचा होता.

साडेचार महिने काम केल्यावर किन्थुपने यात्रेला जाण्यासाठी महिन्याभराची रजा मागितली. लामाने दिली. ती रजा त्याने जंगलात काढली. एकट्याने झाडे तोडून सारख्या मापाचे पाचशे ओंडके तयार केले आणि ते एका गुहेत लपवून ठेवले. मग ठरल्या दिवशी मठात हजर झाला.

ते ओंडके त्याने लगेच नदीत का सोडले नाहीत? कारण सांगितलेल्या कामाचा अर्थ त्याला नीट समजला होता. पलीकडे कोणी पाहणारे नसेल तर ओंडके सोडण्याचा काही उपयोग नाही. तारीख आधी कळवायला हवी. आणि तारीख कळवण्यासाठी पत्र लिहिता येणारा माणूस हवा. तसा ओळखीचा माणूस मिळण्याची जागा एकच होती, ती म्हणजे ल्हासा.

दोनेक महिन्यांनी त्याने पुन्हा यात्रेची रजा मागितली आणि तो ल्हासाला चालत गेला. तिथे सिक्कीमचा एक काझी, म्हणजे तिकडचा सरदार, त्याला भेटला. त्याच्याकडून किन्थुपने नेमसिंगच्या नावे पत्र लिहवून घेतले. लामाने आपल्याला कसे विकले ते त्यात होते, आणि तिबेटी पंचांगाप्रमाणे कोणत्या महिन्यात, कोणत्या तिथीपासून रोज पन्नास ओंडके सुटतील हेही होते. हे हार्मनसाहेबांना कळवावे अशी विनंती होती. काझीची पत्नी दार्जिलिंगला निघाली होती, तिच्याकडे पत्र सोपवले.

निरोप पोहोचून पलीकडे तयारी व्हायला वेळ लागणार, म्हणून तारीख पुष्कळ पुढची दिली होती. आता किन्थुप ल्हासात होता, पत्र रवाना झाले होते, आणि परत मठाकडे जायला त्याला कोणी भाग पाडत नव्हते. तो गेला. आणखी नऊ महिने त्याने लामाची सेवा केली. त्याच्या यात्रा आणि त्याचा शब्द पाहून लामा प्रसन्न झाला आणि त्याने किन्थुपला मोकळे केले.

मोकळा झालेला किन्थुप गुहेकडे गेला. ठरलेली तिथी आली. पहिल्या दिवशी पन्नास ओंडके, दुसऱ्या दिवशी पन्नास, असे दहा दिवस. पाचशेच्या पाचशे ओंडके त्याने त्सांगपोत सोडले.

खाली आसामात काठावर कोणीही नव्हते. ते पत्र वेळेवर योग्य हातात पडलेच नाही. हिमालयातल्या कामाने हार्मनची प्रकृती ढासळली होती आणि तो भारत सोडून गेला होता. 1883 साली इटलीत फ्लॉरेन्सला त्याचा मृत्यू झाला. पाळत ठेवायची आज्ञा देणारा माणूसच उरला नव्हता. किन्थुपचे ओंडके ती घळ ओलांडून, दिहांगमधून, ब्रह्मपुत्रेतून वाहत गेले असणार. कोणी गावकऱ्याने एखादा काढून चुलीतही घातला असेल. ते काय होते हे सांगणारे तिथे कोणी नव्हते.

किन्थुपला यातले काहीच माहीत नव्हते. काम झाले असे समजून त्याने नदीच्या काठाने सरळ आसामात उतरायचा प्रयत्न केला. तसे जमले असते तर ओंडक्यांची गरजच उरली नसती. तो आदी लोकांच्या मुलखात बराच खालपर्यंत गेला. ब्रिटिश हद्द थोड्याच अंतरावर राहिली होती, पण पुढे जाऊ दिले जाईना, तेव्हा तो मागे फिरला. पुन्हा तो सगळा वळसा, पुन्हा ल्हासा. 1884 च्या अखेरीस तो घरी आला. निघाल्याला चार वर्षे झाली होती. तो नसताना त्याची आई वारली होती.

कचेरीत कोणी त्याच्या स्वागताला उभे नव्हते. त्याच्या मोहिमेवर विश्वास असलेला अधिकारी गेला होता. दरम्यान किशनसिंग हा दुसरा पंडित पूर्व तिबेटचा मोठा फेरा करून 1882 साली परतला होता, आणि त्सांगपो इरावतीला मिळत नाही हे त्याच्या मार्गावरून जवळजवळ सिद्ध झाले होते. किन्थुपकडे दाखवायला काय होते? नोंदवही नाही, कोनांचे आकडे नाहीत, उंचीची मापे नाहीत. होती ती फक्त आठवण. गावांची नावे, मठ, खिंडी, कुठून कुठे किती चालावे लागते, नदी कुठे दिसते आणि कुठे दिसेनाशी होते. एका निरक्षर माणसाने चार वर्षांची वाटचाल डोक्यात साठवून आणली होती.

दोन वर्षांनी ती उतरवून घेण्यात आली. किन्थुप सांगत गेला आणि दार्जिलिंगचा उग्येन ग्यात्सो हा लामा तिबेटीत लिहीत गेला. मग त्याचे इंग्रजी भाषांतर झाले आणि 1889 साली खात्याने अहवाल छापला. काहींनी तो खरा मानला, पुष्कळांनी मानला नाही. एवढे एका शिंप्याला आठवेल कसे, ही शंका होती.

त्या अहवालात एक चूक होती. पेमाकोचुंगपाशी त्सांगपो दीडशे फुटांवरून कोसळते, असे त्यात छापले गेले. नदीच्या मुख्य प्रवाहावर मोठा धबधबा असावा अशी सगळ्यांची इच्छा होतीच, त्यामुळे हेच वाक्य गाजले. किन्थुपने प्रत्यक्षात दोन वेगवेगळ्या गोष्टी सांगितल्या होत्या. ग्यालाजवळ एक लहान ओढा उंच कड्यावरून नदीत पडतो, तो दीडशे फुटांचा. पेमाकोचुंगला मुख्य नदीवर आहे तो साधारण तीस फुटांचा. लिहिताना आणि भाषांतर करताना दोन्हींची सरमिसळ झाली. ज्याच्या नावावर ती चूक चढली, त्याला तो कागद वाचताच येत नव्हता. मग तो दुरुस्त कसा करणार? मी रोज दुसऱ्यांनी भरलेल्या माहितीवर काम करते. एका रकान्यातली नोंद शेजारच्या रकान्यात गेली की काय होते ते मला ठाऊक आहे. दोष मात्र बहुतेक वेळा मूळ सांगणाऱ्यालाच लागतो.

किन्थुप पुन्हा दार्जिलिंगच्या बाजारात कपडे शिवू लागला. अशी जवळजवळ तीस वर्षे गेली.

1913 साली बेली आणि मॉर्सहेड हे दोन अधिकारी आसामच्या बाजूने, दिबांगच्या खोऱ्यातून, या प्रदेशात शिरले. मॉर्सहेड सर्वेक्षण खात्याचा होता, मोजणीची साधने त्याच्याकडे होती. बरोबर किन्थुपचा जुना अहवाल होता. ते चालत गेले आणि एकेक गाव, एकेक मठ त्यांना अहवालात सांगितलेल्या ठिकाणी सापडत गेला. या मोजणीने त्सांगपो आणि दिहांग एकच हे निर्विवाद ठरले. फक्त पेमाकोचुंगला दीडशे फुटांचा धबधबा नव्हता. तिथे तीसेक फुटांचा निघाला. इतके सगळे बरोबर सांगणारा माणूस याच एका ठिकाणी खोटे का बोलेल, हा प्रश्न बेलीच्या मनात राहिला.

परत आल्यावर त्याने किन्थुपचा शोध घ्यायला लावला. तो जिवंत होता, दार्जिलिंगला शिंपीकाम करत होता. त्याला सिमल्याला आणले. बेलीने धबधब्याबद्दल विचारले तेव्हा म्हाताऱ्याने दोन्ही धबधबे वेगवेगळे करून सांगितले. त्याच्या आठवणीत गोंधळ नव्हता. गोंधळ कागदावर होता.

बेलीने सरकारकडे त्याच्यासाठी निवृत्तिवेतन मागितले. ते नाकारले गेले. हा गृहस्थ नव्वद वर्षे जगला तर काय, असा हिशेब त्यामागे होता. त्याऐवजी एकरकमी एक हजार रुपये दिले गेले. ते घेऊन किन्थुप घरी गेला आणि त्यानंतर थोड्याच काळात वारला. सरकारने भीती बाळगली तितके तो जगला नाही.

त्या घळीचा शोध पुढेही चालू राहिला. 1924 मध्ये किंग्डन-वॉर्ड या वनस्पतिशास्त्रज्ञाने तिचा बराच भाग पालथा घातला, तरी काही मैल पाहायचे राहिले. 1998 साली त्या उरलेल्या भागात मुख्य नदीवर शंभर फुटांहून उंच धबधबा सापडला. म्हणजे अहवालातल्या चुकीच्या वाक्यातला मोठा धबधबा त्या घळीत होताच, फक्त जागा दुसरी होती. किन्थुप तिथपर्यंत गेला नव्हता आणि गेलो असे त्याने कधी सांगितलेही नाही.

आता थोडे माझ्या कामाबद्दल, कारण या गोष्टीशी त्याचा संबंध आहे. दोन संगणक एकमेकांना निरोप पाठवतात तेव्हा पलीकडून पोहोच यावी लागते. पोहोच आली नाही तर पाठवणारा थोडा थांबतो, पुन्हा पाठवतो, आणि काही प्रयत्नांनंतर नाद सोडतो. यंत्राला आम्हीच तसे शिकवले आहे आणि ते शहाणपणाचेच आहे. किन्थुपला चार वर्षांत एकदाही पोहोच मिळाली नाही. लामा गेला तेव्हा नाही, पत्र पाठवले तेव्हा नाही, ओंडके सोडले तेव्हाही नाही. तरी तो शेवटच्या पन्नासापर्यंत गेला. तो ठरला त्या तिथीलाच का गेला याचे मला एकच उत्तर सुचते. पलीकडे कोणीतरी आपल्या भरवशावर उभे असेल, असे तो धरून चालला होता. कोणी उभे नव्हते. पण त्यामुळे त्याचे वागणे चुकीचे ठरत नाही.

पूर्वी मला वाटायचे, ओंडके कोणी पाहिले नाहीत म्हणजे त्याची मेहनत वाया गेली. आता तसे वाटत नाही. ओंडक्यांचा उपयोग झाला नाही हे खरे. पण ते सोडण्यासाठी तो ज्या वाटा तुडवत फिरला, त्या वाटांची आठवण तीस वर्षांनी दोन माणसांना त्याच जंगलातून घेऊन गेली. ज्या कामाकडे त्याने काम म्हणून पाहिलेही नसेल, तेच पोहोचले.

मित्रमैत्रिणींनो, आपण पंचेचाळिशीच्या आसपास आलो. आपल्यातल्या बऱ्याच जणांनी आतापर्यंत असे काहीतरी केले असेल, ज्याची कोणी नोंद घेतली नाही. घरातल्या आजाऱ्याचे केले असेल, शेतीचे, नोकरीचे, कोणाच्या शिक्षणाचे. कोणी आपल्या नावावर दुसऱ्याची चूक टाकली असेल. त्या दिवशी मागच्या बाकावरून प्रश्न विचारणारा आपल्यापैकी कोण होता ते मला आठवत नाही. तो हा लेख वाचत असेल तर त्याने हे उत्तर आपल्यासाठी लिहिले आहे असे समजावे.

आणि बाई, तुमच्यासाठी. दरवर्षी नवा वर्ग, तोच नकाशा, तीच पट्टी. मुले ऐकत होती की डबा कधी खायचा याचा विचार करत होती, हे तुम्हाला कळायला मार्ग नव्हता. तरी तुम्ही तासाच्या शेवटच्या दोन मिनिटांत एक गोष्ट सोडून दिली होतीत. ती मला मिळाली. उशीर झाला आहे, पण ही तिची पोहोच समजावी.